गोधडीचं तोंड

सगुणा आमच्या घरी राहत नव्हती, पण जेवायला रोज असायची. म्हणजे पाटावर नव्हे, आईच्या तोंडी. आई भिंगारहून दमून यायची, हातपाय धुवायची, तवा चुलीवर चढवायची आणि पहिली भाकरी फुगायच्या आत सगुणाचं नाव यायचं. सगुणानं आज असा टाका घातला, सगुणा आज असं बोलली, सगुणाला अंगात कणकण होती तरी आली. मी शाळेत भूगोलात पहिली आलेली असू दे नाहीतर मैदानावर पडून गुडघा फोडून घेतलेला असू दे, माझी पाळी सगुणाच्या मागून. पप्पा मिशनच्या शाळेत ड्रॉइंगमास्तर होते. चित्रापेक्षा चिमटा काढण्यात त्यांचा हात जास्त चालायचा. एकदा पिठल्याचा घास घेऊन ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मीठ कमी पडलंय. सगुणाला विचारून टाकलं नाहीस वाटतं?" आई खळखळून हसली. मी हसले नाही. मी पिठलं पानाच्या कडेला सारलं आणि तसंच ठेवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेवढ्यात सगुणाची पुढची गोष्ट सुरू झाली होती.

घरात मी एकटीच लेक. वाटेकरी नव्हता, त्यामुळे वाटून घ्यायची सवयच कधी लागली नाही. नगरच्या मिशन कंपाउंडातल्या आमच्या दोन खोल्या, वर कौलं, मागे बंब ठेवायची पडवी आणि या सगळ्याच्या मध्यभागी आई, अशी माझी पृथ्वी होती. शनिवारी दुपारी शाळा सुटली की आई पडवीत पाट टाकून बसायची, मला पुढ्यात ओढायची आणि डोक्यावर तेल थापायची. आतमध्ये चुलीवर हुलग्याचे शेंगुळे रटरटत असायचे. तेलाचा वास, हुलग्याचा वास आणि आईच्या बांगड्यांचा आवाज, हे तिन्ही एकत्र म्हणजे शनिवार. मग दुष्काळ आला, आणि दुष्काळानं विहिरी आटवल्या तसा माझा शनिवारही आटवला. मिशननं भिंगारला, लष्करी छावणीच्या बाजूला, चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायकांसाठी शिवणघर काढलं आणि ते चालवायला आईला सांगितलं. आई इतक्या पटकन हो म्हणाली की मला वाटलं, ही कधीची वाटच बघत होती.

शिवणघरात गोधड्या शिवत. मशीन नाही, सगळं हातानं. शिंप्यांकडच्या चिंध्या, जुनी लुगडी आणि छावणीतून भंगारात निघालेले खाकी कपडे. जमिनीवर थर अंथरायचे, बायकांनी चारी बाजूंनी बसायचं आणि कडेकडून आत सरकत धावदोरा घालायचा. जाड थरातून दोरा ओढताना सुर्र सुर्र असा आवाज येई. शेड भरून बायका एकदम दोरा ओढू लागल्या की पत्र्यावर वाळू पडल्यासारखं वाटे. हिंदू बायका होत्या, मुसलमान होत्या, आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्याही होत्या. काही भिंगारच्याच, काही पाथर्डी-तिसगावकडून दुष्काळानं हुसकलेल्या. तिसगावकडच्या वाडीतून आलेल्यांपैकीच सगुणा. वय एकोणीस-वीस. नवरा ऊसतोडीला साखर कारखान्याकडे गेला तो तिकडेच दुसरं घर करून बसला. सगुणा चालत नगरला आली आणि भिंगारच्या राबियाबी नावाच्या एका म्हाताऱ्या गोधडीवालीनं तिला आपल्या खोलीत घेतलं. हे सगळं मला पाठ होतं. न ऐकायचं ठरवूनही पाठ झालं होतं.

मला तिचा राग येण्यासारखं तिनं काही केलेलं नव्हतं, हीच मोठी पंचाईत. वाईट असती तर बरं झालं असतं. ती काळीसावळी, किडकिडीत, मोठ्या दातांची, आणि बोलण्यात पाणी मिसळलेलं नाही अशी. बाकीच्या सगळ्या बाया माझ्या आईला "बाई" म्हणायच्या. ही "आये" म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आईकडे बघितलं. ती आता दुरुस्त करील, म्हणेल, अगं बाई म्हण. आई म्हणाली, "काय गं सगुणे?" आणि एका शनिवारी मी पप्पांचा निरोप घेऊन शेडवर गेले, तर आई पायरीवर बसलेली आणि पुढ्यात सगुणा, केस मोकळे, आई तिच्या डोक्यावर तेल थापते आहे. मी निरोप न सांगताच परत आले. पप्पांना सांगितलं, आई भेटली नाही. तसं ते खरंच होतं.

आमच्याकडे संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना असे. पप्पा बायबलमधला शास्त्रभाग वाचत, मग एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. माझी प्रार्थना संडेस्कूलमध्ये वाखाणलेली होती. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, पावसासाठी, असं मी सगळ्यांना ओळीनं देवापुढे उभं करत असे. मोठ्यानं एवढं झालं की "आमेन"च्या आधी एक श्वास घ्यायचे आणि तेवढ्यात मनातल्या मनात घुसवायचे, "आणि प्रभू, ते शिवणघर बंद पडू दे." रोज. न चुकता. आयुष्यात इतक्या नेमानं मी दुसरी कुठलीच प्रार्थना केलेली नाही. आमच्या मंडळीतल्या बायका आजही मला म्हणतात की तुमची प्रार्थनेची सवय लहानपणापासूनची दिसते. मी मान डोलावते.

आणि गंमत म्हणजे ती ऐकली जायची चिन्हं दिसू लागली.

नाताळाआधी पुण्याला मिशनची विक्री असे. तयार गोधड्या तोवर नगरच्या कचेरीत पेटाऱ्यांत ठेवत. तिथे आधी मुंग्या लागल्या, मग उंदीर. स्त्री-कामाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी एक कुरतडलेली गोधडी काढली, कोपरा उसवला, तर आत भाकरीचा तुकडा. दुसरी उसवली, तिच्यातही तुकडा. मोठ्या बाई टांग्यातून थेट शेडवर आल्या. दिवाळीची सुटी नुकतीच लागली होती आणि घरात तोंड पाडून बसण्यापेक्षा चल म्हणून आईनं मला बरोबर नेलं होतं, त्यामुळे हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पांढरंशुभ्र पातळ, घामाचा थेंब नाही, हातात गोधडी. त्यांनी तो कोपरा आईपुढे धरला.

"शांताबाई, हे काय आहे?"

आईनं पाहिलं. "भाकरी."

"ती दिसतेच आहे. पण गोधडीत काय करते आहे?"

आई काही बोलायच्या आत सगुणा म्हणाली, "जेवती हाय गोधडी, बाई."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग राबियाबीनं समजावून सांगितलं. गोधडी पुरी होताना शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात घासभर भाकरी घालायची आणि मगच तो शिवायचा. उपाशी गोधडी माणसाच्या अंगावर पडली की त्याची झोप खाते. पोरांना दचकवते, म्हाताऱ्यांना जागं ठेवते. "हमारी सास भी रखती थी. सबच ठेवते," राबियाबी म्हणाली. तिची मराठी आणि तिची दख्खनी एकाच ताटात कालवलेली असे.

मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की उंदरानं खाल्लेली गोधडी पुण्यात कुणी घेणार नाही, आणि शिवाय आपली ख्रिस्ती संस्था, तिथे असले प्रकार चालणार नाहीत. यापुढे आत अन्नाचा कण नको. विक्रीला माल गेला नाही तर शेडचा खर्च कशातून निघणार, हेही त्यांनी सांगितलं. टांगा गेला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा सुया चालू झाल्या.

कुणी भांडलं नाही, कुणी काम सोडलं नाही. फक्त कुठलीच गोधडी पुरी होईना. तीन कोपरे पक्के, चौथा उघडा, अशी एकावर एक चळत वाढत गेली. आई म्हणायची, "अगं, घाला की तेवढा टाका." बायका म्हणायच्या, "घालतो की, बाई," आणि दुसरी गोधडी अंथरायच्या. शेवटी आईनं जरा आवाज चढवून सगुणालाच विचारलं. सगुणा म्हणाली, "आये, तुजी आन, मी टाका घालाया बसते आन हात फुडं जात न्हाई. उपाशी लेकरू कुनाच्या घरी धाडावं का? आपन उपाशी हाय ते निराळं."

आपण उपाशी आहोत ते निराळं, ही गोष्ट तेव्हा माझ्या कानावरून गेली. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, परदेशातून आलेली, जनावरांचं खाणं म्हणून लोक नाकं मुरडायचे आणि रांगेत उभे राहायचे. तिची भाकरी विटेच्या रंगाची होई, गार झाली की विटेसारखीच लागे. या बायका दुपारी तीच आणत, अर्धी चतकोर, आणि त्यातूनच गोधडीचा वाटा काढत. शेड बंद पडली असती तर त्यांना दुष्काळी कामावर उन्हात खडी फोडायला जावं लागलं असतं. राबियाबीला तेही जमलं नसतं. आई घरी पप्पांना हे सांगत होती तेव्हा मी पलीकडे बसून मनात शनिवार मोजत होते. नाताळानंतरचे सगळे माझे. पण एक विचित्र झालं. त्या आठवड्यात आई जेवताना बोलेनाशी झाली. सगुणाचंही नाव काढीना. मला हवी होती ती शांतता मिळाली आणि त्या शांततेत आपली भाकरी चावल्याचा आवाज फार मोठा येतो, एवढंच मला कळलं.

वाट काढली राबियाबीनं. एका दुपारी सुई कापडात खोचून ती म्हणाली, "मेलेल्याच्या नावानं फातिहा देते तेव्हा आम्ही काय करते? खाना सामने रखते. वास त्याला पोचतो, खानेवाला दुसराच असतो. गोधडीला दाखवायचं, अन् तिच्या नावानं कुणीतरी खायचं. हो गया पेट भरके." बायकांनी सुया थांबवल्या. एकीनं शंका काढली की आपलाच घास आपणच खाल्ला तर ते खोटं होईल. दुसरी माझ्या आईकडे बघत म्हणाली, बाईंना द्या. तिसरी म्हणाली, बाई मालकीण, मालकिणीला घास म्हणजे लाच. मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत कोपऱ्यात आल्या. तिथे मी चिंध्यांच्या गाठोड्यावर बसले होते, हनुवटी गुडघ्यावर.

"हिचं तोंड बघा," राबियाबी म्हणाली. "एकदम भूकी गोधडी."

शेड पत्र्यासकट हसली. अशी माझी नेमणूक झाली. मी आठवीत होते, संडेस्कूलची बक्षिसं माझ्या नावावर होती, आणि मला गोधडीचं तोंड करण्यात आलं. मोठ्या बाईंना आईनं जाऊन सांगितलं की आत काही राहणार नाही. बाहेर कोण काय खातं ते त्यांनी विचारलं नाही, आणि आईनं सांगितलं नाही.

शनिवारी सगळ्या चळतीचा उरक पाडायचा ठरला. मला मधोमध चटईवर बसवलं. राबियाबीची गोधडी पहिली. तिनं उघड्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवला, कोपऱ्यावरून हात फिरवला, पुटपुटली, मग तोच तुकडा उचलून माझ्या तोंडात घातला आणि विचारलं, "पोट भरलं का?" मी गोधडीच्या वतीनं म्हटलं, "भरलं." तिनं शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला. बायकांनी सुस्कारा सोडला. मग दुसरी, मग तिसरी. मला, खरं सांगते, मजा वाटायला लागली. आई भिंतीशी उभी राहून माझ्याकडेच बघत होती. कितीतरी महिन्यांत एवढा वेळ तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आणि मग समोर सगुणा येऊन बसली.

तिनं तुकडा कोपऱ्याला लावला आणि माझ्यापुढे धरला. माझं तोंड मिटलं. ठरवून नव्हे, जबडाच मिटला, दार वाऱ्यानं लागावं तसा. नाकाशी मिलोचा वास, डोळ्यांपुढे तिची बोटं, सुईनं टोचून टोचून काळी झालेली, आणि माझ्या डोक्यात त्या बोटांवरून तिच्या तेल लावलेल्या केसांपर्यंत सगळं चढत गेलं. हिच्या हातून नाही.

"घे की बाय," सगुणा म्हणाली.

मी मान हलवली. मागून कुणीतरी हळूच बोललं, "घेईना गं गोधडी." दुसरी म्हणाली, "पटलं न्हाई तिला ह्ये." आणि ते शब्द शेडभर पसरायला लागले. ज्यांच्या गोधड्या पुऱ्या झाल्या होत्या त्या बायकासुद्धा आपापल्या कोपऱ्यांकडे बघू लागल्या. राबियाबीचा चेहरा उतरला. आता या उठतील, सगळे टाके उसवतील, शेड बंद पडेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. इतके दिवस देवाकडे मागितलेली गोष्ट देवानं आणून माझ्याच दातांमागे ठेवली होती. आई भिंतीपासून हलली नाही. ती मला रागावली असती तर मी तोंड आणखी घट्ट मिटलं असतं. ती नुसती बघत होती.

सगुणानं मात्र माझ्याकडे बघणंच सोडलं. तिनं गोधडी मांडीवर ओढली आणि त्या उघड्या कोपऱ्यावर हात फिरवत तिच्याशीच बोलायला लागली, अगदी खालच्या आवाजात, रुसलेल्या पोरीशी बोलावं तसं. "का गं रुसलीस? खाकीचं ठिगाळ लावलं म्हनून? आगं, लुगड्याचं संपलं हुतं. तुला फसवलं न्हाई मी. जे हुतं ते समदं तुझ्यातच घातलं. लांब जायाचंय तुला, पुन्याला. तितं कोन इचारनार तुला, जेवलीस का म्हनून? आपल्या मानसांत हाईस तवर खा की."

ती नाटक करत नव्हती. गोधडी ऐकते आहे याबद्दल तिला तसूभर शंका नव्हती. मी जन्मभर चर्चमध्ये जाणारी, पण समोर नसलेल्या कुणाशी इतकं समोर असल्यासारखं बोलताना मी तोवर कुणाला ऐकलं नव्हतं. तरी जबडा अजून माझाच होता. तेवढ्यात शेडच्या त्या शांततेत सगुणाचं पोट गुरगुरलं. साधंसुधं नव्हे, लांबलचक, छावणीतला ट्रक चढावर गिअर बदलतो तसं. सगुणानं खाली आपल्या पोटाकडे पाहिलं आणि खेकसली, "तू गप रे! तिचं झाल्याबिगर तुला मिळायचं न्हाई!"

राबियाबी आधी हसली, मग सगळ्या. आणि मी. हसायला तोंड उघडावं लागतं, त्याला इलाज नाही. सगुणानं ती संधी घेतली आणि घास आत.

"पोट भरलं का?"

मी चावत होते. मिलो, मीठ, लसणाची चटणी. चावायला वेळ लागला. सगळ्या थांबल्या.

"भरलं," मी म्हणाले.

त्यानंतर पुष्कळ शनिवार मी गोधडीचं तोंड होते. माझ्या मनातला मत्सर त्या घासासरशी गेला असं मी लिहिलं तर वर बसलेली आई हसेल. तो गेला नाही, फक्त त्याला दर शनिवारी जेवायला मिळू लागलं, त्यामुळे चावत नसे. माझी विश्वासाची साक्ष द्यायची वेळ येते तेव्हा लोक अपेक्षेनं बघतात, कुठल्या वचनानं, कुठल्या उपदेशानं तुम्ही जाग्या झालात म्हणून. मी वेळेनुसार काहीतरी सांगते. पण चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर जिभेवर येते तेव्हा मला अजून मिलोची चव लागते, आणि कुणीतरी माझ्या नावानं नव्हे तर दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं मला भरवतं आहे आणि तरीही पोट माझंच भरतं आहे, असं वाटतं. हे पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही. ते चांगले आहेत, पण तरुण आहेत.

त्या दिवशी आई आणि मी भिंगारहून चालत निघालो. ऊन कललं होतं. छावणीच्या भिंतीलगतच्या रस्त्यानं आई नेहमीसारखी भराभर चालली होती, मी अर्ध्या पावलानं मागे. मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "सगळ्यांत चांगला घास कुणाचा लागला गं?"

मी विचार केला. खोटं बोलायची गरज नव्हती. "सगुणाचा."

आईनं नुसतं "हं" केलं. एक मिलिटरीचा ट्रक धूळ उडवत गेला. तिनं पदर नाकाशी धरला आणि धूळ बसल्यावरही काढला नाही. आणखी थोडं चालल्यावर, समोर बघत, ती म्हणाली, "लसूण फार घालते ती."

मी वर पाहिलं. पदराच्या वर तिच्या भुवया जुळल्या होत्या. असा चेहरा मी रोज आरशात बघत होते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

"पण भाकरी मऊ होती," मी म्हणाले.

"मिलोची भाकरी कधी मऊ होते का?"

"तिची झाली होती."

"माझी काय कडक असते?"

मी पुढे धावत जाऊन तिच्या बरोबरीनं चालू लागले, आणि कंपाउंडाचं फाटक येईपर्यंत सगुणाच्या भाकरीचं असं कौतुक केलं, असं कौतुक केलं, की शेवटी आई भररस्त्यात थांबली, माझं कोपर धरलं आणि म्हणाली, "आता गप्प बसतेस, की देऊन टाकू तुला त्या सगुणाला?"

तिनं धरलेलं कोपर सोडलं नाही. मीही बोलायची थांबले नाही.